प्लगचा नंबर

स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरपलीकडून येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "नंबर काय?" गाडीचं नाव सांगितलं, साल सांगितलं, तरी तो माणूस पुन्हा विचारतो, "जुन्या प्लगवरचा नंबर बघितलाय का?" गिऱ्हाईक बहुतेक वेळा नंबर न बघताच आलेलं असतं. त्याला 'चांगल्यातला' प्लग हवा असतो. गाडी टर्बो आहे, पिकअप वाढावा म्हणून नुकतंच रिमॅपही, म्हणजे इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदलून, करून घेतलं आहे, तेव्हा प्लगही भारीतलाच हवा, असा त्याचा सरळ हिशेब. मग काउंटरवर दोन खोकी येतात. एकात साधा निकेलचा प्लग, दुसऱ्यात इरिडियमचा. किमतीत कितीतरी पटींचा फरक. हात आपोआप दुसऱ्या खोक्याकडे जातो.

तो हात जरा वेळ आवरावा, एवढ्यासाठी हे प्रकरण आहे. जोरकस गाडीसाठी प्लग निवडताना धातू आणि किंमत हे प्रश्न सगळ्यात शेवटी येतात. आधी मापं, मग उष्णता, मग गॅप. प्लगमुळे इंजिनाची ताकद वाढते हा समज फार पसरलेला आहे. प्लगची खरी कामं दोन. इंजिनात आलेलं पेट्रोल दर वेळी न चुकता पेटवायचं, आणि ते पेटल्यावर आपल्या टोकाला लागलेली उष्णता बाहेर काढून द्यायची. पहिलं काम सगळ्यांना माहीत असतं. निवड चुकते ती दुसऱ्या कामाकडे लक्ष न गेल्यामुळे.

नाक किती तापतं

एक प्लग हातात घ्या. वरच्या टोकाला कॉइल बसते. त्याखाली पांढरी चिनी माती दिसते. ती खरं तर अ‍ॅल्युमिना भाजून केलेलं सिरॅमिक आहे. मग पान्यासाठी षटकोन, वॉशर आणि आटे. प्लग उलटा करून आट्यांच्या पोकळीत डोकावलं तर तेच पांढरं सिरॅमिक निमुळतं होत टोकाकडे आलेलं दिसतं. त्याला आपण प्लगचं नाक म्हणू. नाकाच्या टोकातून मधली दांडी जेमतेम बाहेर येते आणि तिच्यासमोर बाजूने वाकवलेली पट्टी येऊन थांबते. दांडी आणि पट्टी यांच्यातली फट म्हणजे गॅप.

विजेची ठिणगी टाकून इंजिन पेटवण्याची कल्पना जुनी आहे. एतिएन लेन्वार यांच्या १८६० सालच्या गॅस इंजिनातही ती होती. पण भरवशाची ठिणगी मिळायला १९०२ साल उजाडलं. त्या वर्षी रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च व्होल्टेजचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा प्लग तयार केला. तेव्हाची इंजिनं आजच्या मानाने संथ होती. आजचं चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लग मिनिटाला ३००० वेळा, म्हणजे सेकंदाला ५० वेळा ठिणगी टाकतो. दर ठिणगीनंतर भोवतालचा वायू २००० अंश सेल्सिअसच्या वर जातो, आणि लगेच पुढच्या फेऱ्यात त्याच नाकावर बाहेरची गार हवा आणि पेट्रोल येऊन आदळतं.

या धुमश्चक्रीत नाकाच्या टोकाचं सरासरी तापमान एका पट्ट्यात राहावं लागतं. टोक साधारण ४५० अंशांच्या खाली राहिलं, तर त्यावर बसणारी काजळी जळून जात नाही. काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बनमधून वीज वाहते. मग कॉइलने पाठवलेली वीज गॅप ओलांडण्याऐवजी काजळीवरून सरपटत आट्यांकडे निघून जाते. ठिणगी पडत नाही आणि गाडी 'मिसिंग' करू लागते. उलट टोक साधारण ८५० अंशांच्या पुढे गेलं की दुसरंच संकट उभं राहतं. तापलेलं टोक स्वतःच निखारा बनतं आणि ठिणगीची वाट न बघता पेट्रोल पेटवतं. पिस्टन अजून वर येत असतो आणि त्याच्या डोक्यावर आग आधीच फुललेली असते. त्याने टोक आणखी तापतं, पुढच्या फेऱ्यात आग आणखी आधी लागते. हे चक्र काही सेकंद जरी चाललं तरी पिस्टन वितळू शकतो.

पट्ट्याचं खालचं टोक महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीने पाहिलेलं आहे. टू-स्ट्रोक स्कूटरच्या दिवसांत प्लगपाना गाडीबरोबरच असायचा. भर रस्त्यात स्कूटर बंद पडली की प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, पेट्रोलने पुसायचा, आणि पुन्हा बसवून किक मारायची. पेट्रोलबरोबर तेलही जळत असे. त्या तेलाची काजळी जाळून टाकण्याइतकं नाक संथ रहदारीत तापत नसे. प्लगमध्ये बिघाड क्वचितच असायचा. तो फक्त गार राहिलेला असायचा. जोरकस गाडीचा मालक मात्र पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाशी खेळत असतो.

आता नाकाकडे पुन्हा पाहा. टोकाची उष्णता मुख्यतः एकाच वाटेने बाहेर पडते. नाकावरून वर, जिथे सिरॅमिक लोखंडी अंगाला टेकतं तिथपर्यंत, तिथून आटे आणि वॉशरमधून हेडमध्ये, हेडमधून कूलंटमध्ये. नाक लांब असेल तर वाट लांब, उष्णता रेंगाळते, टोक तापलेलं राहतं. हा 'गरम' प्लग. नाक आखूड असेल तर वाट जवळची, उष्णता पटकन निघून जाते. हा 'थंड' प्लग. ठिणगीच्या गरम-थंडपणाशी या शब्दांचा काहीही संबंध नाही. दोन्हींची ठिणगी सारखीच असते. उष्णता बाहेर काढण्यातल्या या फरकालाच हीट रेंज म्हणतात, आणि तिची एक पायरी बदलली की टोकाच्या तापमानात साधारण ७० ते १०० अंशांचा फरक पडतो. सगळा पट्टाच ४०० अंशांचा आहे. त्यामुळे 'असू दे दोन पायऱ्या जास्तीच्या' ही उदारता इथे महागात पडते.

नंबराची भाषा

प्लगवरचा नंबर म्हणजे त्याचं सगळं वर्णन असतं. एनजीके कंपनीचा बीकेआर७ई हा प्लग घेऊ. 'बी' आणि 'के' मिळून अंगाची मापं सांगतात: १४ मिलिमीटरचे आटे आणि १६ मिलिमीटरच्या पान्याचा षटकोन. 'आर' म्हणजे आत रेझिस्टर आहे. '७' ही हीट रेंज. 'ई' म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. शेवटी छोटी रेघ काढून '११' असा आकडा असेल, तर कारखान्यातून निघतानाचा गॅप १.१ मिलिमीटर आहे.

यातली मापं कधीही बदलायची नसतात. आटे लांब असलेला प्लग बसवला तर त्याचं टोक सिलिंडरमध्ये जास्त आत जातं. ते पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला लागण्याचा धोका असतो, आणि उघडे पडलेले आटे तापून लाल होतात. आखूड प्लग बसवला तर ठिणगी हेडच्या भोकातच पडते, आणि हेडचे मोकळे राहिलेले आटे काजळीने भरतात. मग पुढच्या वेळी योग्य लांबीचा प्लग फिरवताना ते आटे जातात. बैठकही पाहावी लागते. काही हेडमध्ये प्लग वॉशरवर बसतो, काहींत उतरत्या कडेवर. हे दोन प्रकार एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

रेझिस्टरबद्दलही असंच. तो साधारण पाच हजार ओहमचा असतो आणि ठिणगीमुळे उठणारी विजेची खरखर दाबतो. शर्यतीच्या काही प्लगांत तो नसतो, म्हणून तसे प्लग 'जास्त ताकदीचे' म्हणून विकले जातात. पण आजच्या गाडीचं सगळं इंजिन ईसीयू नावाच्या संगणकावर आणि त्याच्या सेन्सरांवर चालतं. रस्त्यावरच्या गाडीतला रेझिस्टर काढला तर ती खरखर त्यांच्या कामात शिरते. मिळत काहीच नाही.

हीट रेंजच्या आकड्यात मात्र एक सापळा आहे. एनजीके आणि डेन्सो या जपानी कंपन्यांत आकडा वाढला की प्लग थंड होतो. बॉश आणि चॅम्पियनमध्ये उलट. आकडा वाढला की प्लग गरम. एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा २०, ७ म्हणजे २२, ८ म्हणजे २४. एका कंपनीच्या सवयीने दुसऱ्या कंपनीचा 'एक नंबर वरचा' प्लग मागणारा माणूस थंड प्लग समजून गरम प्लग घरी नेऊ शकतो. टर्बो गाडीत ही चूक इंजिनाच्या जिवावर बेतते. म्हणून कंपनी बदलायची असेल तर त्या कंपनीचा तुलना-तक्ता उघडूनच बदलावी.

आरएसचं उदाहरण

२००१ साली स्कोडाने औरंगाबादजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, ऑक्टेव्हियाची जुळणी सुरू केली. काही वर्षांतच तिची आरएस आवृत्ती भारतात आली. १७८१ सीसी, चार सिलिंडर, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, टर्बो आणि १५० अश्वशक्ती. पेट्रोल गाडीला टर्बो ही गोष्ट इथल्या रस्त्यांवर तेव्हा नवी होती. अनेकांची टर्बोशी पहिली ओळख याच गाडीने करून दिली, आणि अनेक आरएस आजही जिवापाड सांभाळल्या जातात. युरोपातल्या आरएसमध्ये याच घराण्यातलं इंजिन १८० अश्वशक्ती देत होतं. त्यामुळे आपल्या गाडीतही बरंच काही शिल्लक आहे हे मालकांना ठाऊक होतं, आणि ईसीयूचं रिमॅप करणं हा पहिला मोह असे. नुसत्या रिमॅपवर ताकद १९० च्या आसपास जाते, असं ट्यूनर सांगतात.

या गाडीला प्लग कोणता? गाडी कंपनीतून आली तशीच असेल तर उत्तर एका ओळीचं आहे. मालकाच्या पुस्तिकेत लिहिलेला नंबर. तो कंपनीने इंजिन बेंचवर तासन् तास चालवून, टोकाचं तापमान मोजून ठरवलेला असतो. 'परफॉर्मन्स' शब्द छापलेला कुठलाही प्लग त्याला मागे टाकत नाही.

रिमॅप झालं असेल तर मात्र विचार करावा लागतो. रिमॅपने टर्बोचा बूस्ट, म्हणजे तो कोंबत असलेल्या हवेचा दाब, वाढतो. जास्त बूस्ट म्हणजे दर फेऱ्यात जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त उष्णता. नाकाची उष्णता बाहेर जाण्याची वाट मात्र तेवढीच. ट्यूनर मंडळींत एक ठोकताळा आहे. ताकद ७५ ते १०० अश्वशक्तीने वाढली की प्लग एक पायरी थंड घ्यायचा. यावरून कुणी म्हणेल, आरएसमध्ये चाळीसच वाढल्या, बदलायची गरज नाही. पण हिशेब सिलिंडरमागे करून पाहा. आठ सिलिंडरच्या इंजिनात ८० अश्वशक्ती वाढली तर प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला दहा येतात. चार सिलिंडरच्या इंजिनात ४० वाढली, तरी दहाच. प्लगला आपल्या सिलिंडरपुरतंच कळतं, शेजारच्याचं नाही. म्हणून रिमॅप केलेल्या या इंजिनावर सहाऐवजी सातचा प्लग घालण्याचा जगभरच्या चाहत्यांचा प्रघात मला पटतो. बीकेआर७ई, ०.७ मिलिमीटर गॅप, ही जोडी या इंजिनाभोवती वर्षानुवर्षं टिकून आहे.

तरीही सात सगळ्यांसाठी नाही. गाडी कुठे चालते हे पाहावं लागतं. एकाची गाडी दर शनिवारी द्रुतगती मार्गाने खंडाळ्याचा घाट चढते, मिनिटन् मिनिट बूस्टवर असते. त्याला सात योग्य. दुसऱ्याची गाडी रोज हिंजवडीच्या रहदारीत तासभर पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये सरकते आणि घाट वर्षातून दोनदा बघते. सातचा प्लग त्या गाडीत तापतच नाही, काजळी धरतो, आणि सकाळी गाडी खोकत चालू होते. अशा गाडीत सहाच ठेवावा आणि गॅप तेवढा कमी करावा. हीट रेंज ठरवताना अश्वशक्तीइतकंच वजन या रोजच्या रस्त्याला द्यायला हवं.

आणखी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. थंड प्लग हा नॉकिंगवरचा इलाज नाही. नॉकिंग होतं ते ठिणगी पडल्यानंतर. उरलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने एकदम भडकल्यामुळे. त्याची कारणं कमी ऑक्टेनचं पेट्रोल, फार आधी टाकलेली ठिणगी, फार बूस्ट किंवा कमी पेट्रोल ही असतात. रिमॅप कोणत्या ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी केलं आहे हे ट्यूनरला विचारा आणि तेच पेट्रोल भरा. थंड प्लग घालून नॉकिंग झाकायला जाल, तर पिस्टन जाईपर्यंत दुखणं आतल्या आत वाढत राहील.

गॅप

घाटात तिसऱ्या गियरमध्ये पेडल तळाला नेलं, टर्बो भरला, आणि गाडी जोर धरणार तोच तिला झटके बसायला लागले. पाय सैल केला की पुन्हा सुरळीत. शहरात फिरताना काहीच तक्रार नाही. नवे प्लग घातल्यावर लगेच सुरू होणारं हे दुखणं टर्बोवाल्यांच्या चांगल्या ओळखीचं आहे. गॅरेजमध्ये पहिला संशय कॉइलवर जातो, आणि या इंजिनाच्या कॉइल एकेकाळी लवकर जाण्याबद्दल प्रसिद्धही होत्या. पण कॉइल मागवण्याआधी चारही प्लग काढून फिलर गेज घालून गॅप बघा. पुष्कळदा प्लग खोक्यातून काढून १.१ च्या गॅपवर तसेच बसवलेले सापडतात.

यामागचा नियम फ्रीडरिख पाशेन यांनी १८८९ साली मांडला. वायूतून ठिणगी उडायला किती व्होल्ट लागतील हे वायूचा दाब आणि फटीची रुंदी यांच्या गुणाकारावर ठरतं. टर्बोने सिलिंडरमधला दाब वाढवला की त्याच गॅपसाठी जास्त व्होल्ट लागतात. कॉइलची झेप तर ठरलेली. ती पुरेनाशी झाली की वीज दुसरी वाट शोधते: सिरॅमिकच्या बाहेरून, कॉइलच्या रबरी टोपीच्या भेगेतून, कुठूनही. दाब कमी करणं आपल्याला नको असतं, म्हणून फट कमी करायची. टर्बो नसलेल्या इंजिनात १.० ते १.१ चा गॅप सर्रास असतो. टर्बोत ०.८, ताकद वाढवलेल्या टर्बोत ०.७, फार जोराच्या बूस्टला त्याहूनही कमी.

मग सरळ ०.५ का नको? ठिणगीतून जन्मणारी ज्योत सुरुवातीला अगदी चिमुकली असते. गॅप फार लहान असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना थंड धातू टेकलेला असतो आणि तो तिची उष्णता पिऊन टाकतो. ज्योत कधी वाढते, कधी जागीच विझते. गाडी आयडलवर डगमगते आणि पेट्रोल जास्त खाते. म्हणून नियम असा: पूर्ण बूस्टवर मिसिंग होणार नाही एवढाच गॅप कमी करायचा, त्याहून कमी नाही. ०.८ वर गाडी घाटात स्वच्छ ओढत असेल तर ०.७ ची गरज नाही.

मग धातू

आता ती दोन खोकी उघडूया. बाजारात 'कॉपर' म्हणून मिळणाऱ्या प्लगचं टोक तांब्याचं नसतं. ते निकेलच्या मिश्रधातूचं असतं आणि तांबं आत गाभ्यात असतं, उष्णता वाहून नेण्यासाठी. तसा गाभा महागड्या प्लगांतही असतो. फरक टोकात आहे. निकेल साधारण १४५५ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १७६८ ला आणि इरिडियम २४४६ ला. ठिणगी दर वेळी टोकाचा अगदी सूक्ष्म कण उडवते. धातू जितका चिवट, तितकं टोक बारीक ठेवता येतं. निकेलची दांडी अडीच मिलिमीटरच्या आसपास जाड असते. इरिडियमचं टोक ०.६, काही प्लगांत ०.४ मिलिमीटर. बारीक टोकावर विजेचा ताण एकवटतो, त्यामुळे कमी व्होल्टमध्ये ठिणगी उडते. शिवाय ते चिमुकल्या ज्योतीची उष्णताही कमी पितं. इरिडियमचा खरा फायदा हा आहे, आणि कॉइलवर ताण असलेल्या टर्बो इंजिनात तो जाणवतो.

निकेलचं टोक मात्र झिजून गोलसर होतं, गॅप वाढत जातो, आणि टर्बोला नेमकं तेच चालत नाही. म्हणून निकेलचे प्लग साधारण वीस-तीस हजार किलोमीटरला बदलतात; जोरात चालवलेल्या रिमॅप गाडीत त्याच्या निम्म्यातच. तरीही बरेच ट्यूनर निकेलच वापरतात. सेटिंग पुन्हा पुन्हा बदलत असेल, प्लग दर थोड्या दिवसांनी काढून बघायचे असतील, तर स्वस्त प्लग फेकताना मन दुखत नाही, आणि गॅप वाकवताना बारीक टोक मोडण्याची धास्ती नसते. सेटिंग स्थिरावलं, आता वर्ष-दोन वर्षं निवांत चालवायची आहे, की इरिडियम घ्यावा. घेताना पट्टीच्या टोकाकडेही बघा. दोन्ही टोकांना मौल्यवान धातू असलेले प्लग लाखाच्या घरात किलोमीटर काढतात. नुसत्या मधल्या टोकाला इरिडियम असेल तर समोरची निकेलची पट्टी आधी झिजते.

तीन-चार पट्ट्यांचे प्लगही दिसतात. त्यांत एका वेळी ठिणगी एकाच पट्टीवर पडते. पट्ट्या जास्त म्हणून झीज वाटली जाते आणि प्लग जास्त टिकतो, ठिणगी चौपट होत नाही.

धातू कुठलाही असो, अस्सलपणा आधी. नामांकित कंपन्यांच्या प्लगची नक्कल बाजारात भरपूर आहे. आटे खरबरीत, छपाई फिसकटलेली, वॉशर सैल, पट्टी तिरकी, टोकाचं वेल्डिंग मधोमध नाही, यातलं एकही लक्षण दिसलं तर तो प्लग परत करावा. पण चांगली नक्कल डोळ्यांना फसवते. म्हणून अधिकृत विक्रेत्याकडून बिलासहित घेणं हाच खात्रीचा मार्ग.

बसवताना

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. गरम अ‍ॅल्युमिनियम हेडमधून प्लग काढताना आटे ओरबाडले जातात. कॉइल उचलल्यावर प्लगच्या विहिरीत हवा मारा, कारण तिथे साठलेली वाळू प्लग निघताक्षणी सिलिंडरमध्ये पडते.

नव्या प्लगचा गॅप बघताना मधल्या टोकाला काहीही टेकवू नका. पट्टीच हलक्या हाताने वाकवायची, टोकावर जोर देऊन गॅप उघडायचा नाही. इरिडियमचं टोक तारेइतकं बारीक असतं, जराशा तिरक्या जोराने ते जातं. तारेचं गेज वापरा. नाण्यासारखं गोल, कडेला चढ असलेलं गेज टोकावर भार देतं. आणि प्लग फरशीवर पडला तर तो वापरू नका. सिरॅमिकला गेलेला केसाएवढा तडा दिसत नाही. पूर्ण बूस्टवर मात्र वीज नेमकी त्यातूनच पळते.

प्लग विहिरीत सोडायला जुन्या रबरी नळीचा वीतभर तुकडा घ्या. प्लगचं वरचं टोक त्यात खोचा आणि नळी बोटांनी फिरवा. आटे बरोबर जुळले तर प्लग सहज आत जातो. तिरके बसले तर नळी हातातच घसरते आणि हेड वाचतं. पान्याने पहिले आटे फिरवले तर ही सूचना मिळत नाही. शेवटी टॉर्क रेंच. अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये १४ मिलिमीटरच्या वॉशरवाल्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर. रेंच नसेल तर प्लग हाताने टेकल्यावर पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा, बस्स. कमी आवळलेल्या प्लगची उष्णता हेडमध्ये उतरत नाही. हीट रेंज कितीही विचार करून निवडली असली तरी सैल प्लग गरम प्लगसारखाच वागतो. आट्यांना ग्रीस किंवा तेल लावू नका. त्याने रेंचचा आकडा तोच दिसतो आणि प्लग मात्र जास्त आवळला जातो.

प्लग काय सांगतो

दुकानातून आणलेला प्लग हा आपला अंदाज असतो. तो बरोबर होता की नाही हे हजारेक किलोमीटरनंतर कळतं. तेव्हा चारही प्लग काढा आणि वर्तमानपत्रावर सिलिंडरच्या क्रमाने मांडा. क्रम चुकवू नका, कारण निम्मी माहिती त्या क्रमातच असते.

नाकाचा रंग फिकट तपकिरी किंवा करडा असेल तर हीट रेंज जमली. कोरडी, हाताला लागणारी काळी काजळी असेल तर प्लग या वापरासाठी थंड आहे किंवा पेट्रोल जास्त येतं आहे. ओलसर काळा चकचकीत थर म्हणजे तेल, आणि तेलाचा इलाज प्लग बदलून होत नाही. रिंगा, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बो तपासावा लागतो. नाक पांढरंफटक, त्यावर फोड किंवा टोक वितळल्यासारखं दिसलं, तर गाडी लगेच थांबवायची. प्लग गरम पडतो आहे, पेट्रोल कमी येतं आहे किंवा ठिणगी फार आधी पडते आहे. पांढऱ्या सिरॅमिकवर मिरपुडीसारखे काळे किंवा चमकते ठिपके असतील, तर ते नॉकिंगचं लक्षण आहे. चमकता ठिपका म्हणजे पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम.

आणि समजा, तीन प्लग छान तपकिरी आहेत, तिसऱ्या सिलिंडरचा तेवढा पांढरा. मग चुकला तो प्लग नाही. चौघांचा नंबर एकच आहे, गॅप एकच आहे. वेगळं आहे ते तिसरं सिलिंडर. त्याचा इंजेक्टर पेट्रोल कमी देत असेल किंवा तिथे कुठून हवा शिरत असेल. हे ना ईसीयूच्या दिव्याने सांगितलेलं असतं, ना ट्यूनरच्या आलेखाने. अशा गाडीत चारही प्लग आणखी एक पायरी थंड घातले तर पांढरा रंग कदाचित जाईल, आणि तिसऱ्या पिस्टनचं दुखणं तसंच राहील.

म्हणून प्लग परत बसवण्याआधी मालकाच्या पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर चार ओळी लिहा. नंबर, गॅप, किलोमीटर, आणि प्रत्येक सिलिंडरचा रंग. शक्य असेल तर वर्तमानपत्रावरच्या त्या चौघांचा फोटोही ठेवा. पुढचा प्लग कोणता घ्यायचा हे त्या पानावरून ठरेल, आणि ते पान प्रत्येक गाडीचं वेगळं असेल.